यानिसची पहिली वर्षं आणि आमच्या कोर्टावरचा एक मुलगा

सकाळचं_कोर्ट | 9 मे, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. नोकरी बँकेत, आणि गेली अकरा वर्षं रोज पहाटे साडेपाचला एका शाळेच्या मैदानावर मुलांना बास्केटबॉल शिकवतो. कोर्ट सिमेंटचं आहे. मे महिन्यात आठ वाजले की त्यावर हात टेकवत नाही, त्यामुळे त्याच्या आत सगळं आवरावं लागतं.

धागा काढायचं कारण एक मुलगा आहे. नववी झाली, जूनमध्ये दहावीत जाईल. उंची सहा फूट एक इंच आणि अजून वाढतोय. हात लांब, पाय हलका. वडील पूर्व भागात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. मागच्या गुरुवारी वडील रात्रपाळी संपवून थेट मैदानावर आले, कपड्यांवर सुताची पांढरी बुकी तशीच. बाजूला उभे राहून पंधरा मिनिटं पोराचा खेळ पाहिला आणि मला म्हणाले, "सर, ह्यातून पुढं काय होतंय ते एकदा सांगा. नाहीतर दहावीचे जादा तास लावून टाकतो."

मी त्यांना यानिसची गोष्ट सांगितली. रस्त्यावर गॉगल आणि घड्याळं विकणारा पोरगा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू झाला, एवढीच. ते मान हलवून गेले. घरी आल्यावर मला चैन पडेना. मी गोष्टीची सुरुवात सांगितली, शेवट सांगितला आणि मधली वर्षं गाळली. त्यांना हवी होती ती नेमकी मधली. म्हणून इथे नीट लिहितो आहे. चुकलं तर सांगा.

यानिसचे आई-वडील व्हेरॉनिका आणि चार्ल्स 1991 मध्ये नायजेरियातल्या लागोसहून ग्रीसला आले. वडील फुटबॉल खेळलेले, आई उंच उडी मारणारी. थोरला मुलगा फ्रान्सिस आजी-आजोबांकडे मागेच राहिला. थनासिस, यानिस, कोस्टास आणि ॲलेक्स हे चौघे अथेन्समध्ये जन्मले. यानिसचा जन्म 6 डिसेंबर 1994 चा. ग्रीसमध्ये जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नसे आणि नायजेरियाचेही कागद हातात नव्हते. म्हणजे अठरा वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा कागदोपत्री कुठल्याच देशाचा नव्हता. आडनावाची गंमतही त्यातूनच झाली. मूळ योरुबा आडनाव आडेटोकुन्बो. ग्रीक लिपीत ते लिहिलं आणि तिथून पुन्हा रोमन लिपीत उतरवलं तेव्हा त्याचं अँटेटोकुनम्पो झालं. जग आज त्याला त्याच नावाने ओळखतं.

घर अथेन्सच्या सेपोलिया भागात. आई-वडिलांना मिळेल ते काम, कधी तेही नाही. पोरं रस्त्यावर घड्याळं, पर्स, गॉगल विकायची. यानिसला तेव्हा फुटबॉल आवडायचा, बास्केटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. 2007 च्या सुमारास स्पिरोस व्हेलिनियाटिस नावाच्या प्रशिक्षकाने या भावांना खेळताना, पळताना पाहिलं. इथे मी वडिलांना सांगायला विसरलो ती गोष्ट येते. व्हेलिनियाटिसने पोराला नुसतं "ये खेळायला" म्हटलं नाही. आई-वडिलांना काम मिळवून देण्याचा शब्द दिला. रस्त्यावर माल विकायचा सोडून मुलगा सरावाला आला तर त्या दिवशीचं जेवण कुठून येणार, हे त्याला कळत होतं.

मग अथेन्सच्या झोग्राफू उपनगरातला फिलाथलिटिकोस हा क्लब. लहान क्लब. थनासिस आणि यानिस यांच्यात बुटांचा एकच जोड असे. एक खेळून बाहेर आला की दुसऱ्याने तेच बूट घालायचे. सराव उशिरा संपला आणि घर लांब, अशा रात्री पोरं हॉलमधल्या चटईवरच झोपायची.

2012-13 चा हंगाम हा क्लब ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळला. यानिस अठरा वर्षांचा. 26 सामने, सरासरी 9.5 गुण, 5 रिबाउंड (नेम हुकून परत आलेला चेंडू पकडणं). हे आकडे कृपा करून पुन्हा वाचा. दुसऱ्या श्रेणीत, छोट्या हॉलमध्ये, साडेनऊ गुण. आपल्याकडे जिल्ह्याच्या स्पर्धेत पंधरा गुण करणाऱ्या पोराची बातमी येते. आकड्यांवरून बघितलं असतं तर यानिसला कुणी दारात उभं केलं नसतं. पण त्या हॉलमध्ये अमेरिकेतल्या संघांची माणसं येऊन बसायला लागली. त्यांना दिसलं ते वेगळं होतं. सहा फूट नऊ इंचांचा मुलगा स्वतः चेंडू घेऊन पुढे जातो, मान वर ठेवून पास देतो आणि चुकला की पळत परत येतो. डिसेंबर 2012 मध्ये स्पेनच्या झारागोझा क्लबने त्याच्याशी करारही करून ठेवला होता.

9 मे 2013 रोजी त्याला ग्रीसचं नागरिकत्व मिळालं. पुढच्या महिन्यात, 27 जूनला, ब्रुकलिनमध्ये एनबीएची निवड झाली आणि मिलवॉकी बक्सने त्याला पंधरावा घेतला. दोन तारखांमध्ये पुरते दोन महिनेही नाहीत. कागद अडकले असते तर? हा विचार मनात आला की माझ्या पोटात गोळा येतो.

पहिल्या हंगामात 77 सामने, त्यातल्या 23 मध्ये सुरुवातीच्या पाचात. सरासरी 6.8 गुण, 4.4 रिबाउंड. चमकदार काही नाही. संघ तर 82 पैकी 67 सामने हरला, क्लबच्या इतिहासातला तो सगळ्यात वाईट हंगाम. दुसऱ्या वर्षी 12.7 गुण, तिसऱ्या वर्षी 16.9, चौथ्या वर्षी 22.9. 2017 मध्ये सर्वाधिक सुधारणा केलेल्या खेळाडूचा मान, 2019 आणि 2020 मध्ये सर्वोत्तम खेळाडू, 2021 मध्ये विजेतेपद.

शेवटचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं. मला विचारायचं आहे ते त्याआधीच्या वर्षांबद्दल. ही सगळी हकिगत त्या वडिलांना कशी सांगावी? आणि सांगावी का?

---

कडक_भाकरी | 9 मे, रात्री 11:25

सर, लई भारी लिहिलाव ओ. 21 जुलै 2021 ची सकाळ आठवली. अंतिम फेरीचा सहावा सामना आपल्याकडं सकाळी साडेसहाला सुरू. आम्ही तिघं भाऊ एका मोबाइलवर, आई चहा ठेवून वरडायलीय, कुणाचं लक्ष नाही. 50 गुण मारलं पठ्ठ्यानं! आणि फ्री थ्रो, म्हंजे फाऊल झाल्यावर मिळतो तो मोकळा नेम, 19 पैकी 17. वर्षभर त्याच फ्री थ्रोवरनं सगळे त्याला बोलायचे. मिलवॉकीला त्याच्याआधी 1971 ला जिंकता आलं होतं, म्हणजे पन्नास वर्षांनी 50 गुण.

बुटाचं मला म्हाईत नव्हतं. आम्ही पण तसंच खेळलोय की. फक्त माझा पाय दोन नंबर मोठा, म्हणून मी अनवाणी.

---

नवी_पेठ_कट्टा | 10 मे, सकाळी 7:05

मला क्रिकेटपलीकडे फार कळत नाही, म्हणून विचारतो. ही निवड म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखी का? आणि पंधरावा म्हणजे चांगला की वाईट?

---

सकाळचं_कोर्ट | 10 मे, सकाळी 8:50

लिलावात जास्त पैसे लावेल त्याला खेळाडू मिळतो. इथे पाळी असते. साधारणपणे आदल्या वर्षी जे संघ खाली राहिले त्यांना आधी निवडता येतं. दोन फेऱ्या, साठच्या आसपास नावं. पहिल्या फेरीत नाव आलं की कराराची खात्री असते, दुसऱ्या फेरीत तशी नसते. हा फरक फार मोठा आहे.

पंधरावा म्हणजे त्याच्याआधी चौदा वेळा दुसऱ्या कुणाचं नाव पुकारलं गेलं. त्या वर्षीचा पहिला होता अँथनी बेनेट, क्लीव्हलंडने घेतलेला. चार हंगामांत चार संघ फिरून तो एनबीएच्या बाहेर गेला. बेनेटला नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलाचं पुढे काय होईल हे ज्यांचा तोच व्यवसाय आहे त्यांनाही नीट कळत नाही, मग मला आणि त्या वडिलांना कसं कळावं?

---

जुळे_सोलापूर_ते_हिंजवडी | 10 मे, दुपारी 1:30

सर, मी तुमच्याच शहरात खेळलेला आहे. विभागीय स्पर्धेपर्यंत गेलो, बारावीनंतर सोडलं, आता पुण्यात नोकरी करतो. तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण थोडं वेगळं बोलतो. राग मानू नका.

त्या वडिलांना यानिस सांगू नका. सतनाम सिंग सांगा.

सतनाम पंजाबातल्या बल्लो के गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. लुधियानाच्या अकादमीत शिकला. 2010 मध्ये चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला आयएमजी अकादमीत गेला. इंग्रजीचा गंध नव्हता. उंची सात फूट दोन इंच. पाच वर्षं तिथे काढली आणि 25 जून 2015 रोजी डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52 वा घेतला. एनबीएच्या निवडीत नाव आलेला भारतातला पहिला खेळाडू. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले होते.

मग काय झालं? 52 वा म्हणजे दुसरी फेरी. डॅलसच्या खालच्या संघाकडून, टेक्सास लेजंड्सकडून, दोन हंगाम, आणि मैदानावर मिनिटं फार थोडी. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. भारतात परतला, मध्ये कॅनडातल्या लीगमध्येही खेळला. पुढे उत्तेजक चाचणीत अडकला, दोन वर्षांची बंदी आली. आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात आहे.

दीडशे कोटींच्या देशात जो सगळ्यात पुढे गेला त्याची ही कहाणी. तुमचा सहा फूट एक इंचाचा मुलगा एनबीएच्या हिशेबात बुटका आहे सर. एका यानिसमागे किती पोरांची दहावी गेली असेल, ते कुणी लिहीत नाही.

---

अक्कलकोट_रोड | 10 मे, दुपारी 2:10

जुळे सोलापूर यांच्याशी सहमत. माझी मुलगी खेळते, मी तिला कधी थांबवलं नाही, पण दहावीच्या वर्षी सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आणला. 88 टक्के पडले आणि खेळही सुटला नाही. दोन्ही होतं.

---

विडी_घरकुल | 10 मे, रात्री 9:45

मी कुंभारीच्या विडी घरकुलात वाढले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कानडी. आजी-आजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले आणि इथलेच झाले. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सर, तुमच्या लेखातलं एक वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ गप्प बसले. आई-वडिलांना काम मिळवून देण्याचा शब्द दिला, ते वाक्य.

आठवीत असताना मी बास्केटबॉल खेळायचे. बरी होते. आमच्या मॅडमनी मला जिल्ह्याच्या संघाच्या सरावाला यायला सांगितलं. सराव शहरात संध्याकाळी चार ते सहा. आई दिवसाला हजार विड्या वळायची, आणि त्यातल्या निदान तीनशेंना माझा हात असायचा. पानं भिजवणं, कात्रीने कापणं, तंबाखू भरून झाल्यावर तोंडं मोडणं. चार ते सहा मी गेले की तेवढ्या विड्या कमी. दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायला जायचं, तिथे खराब म्हणून छाटतात ती वेगळीच. बसचं भाडंही वेगळं. मी आठ दिवस गेले. नवव्या दिवशी आई काही बोलली नाही, फक्त विड्यांचं सूप माझ्यासमोर सरकवलं. मी बसले.

मॅडम चांगल्या होत्या. दोनदा घरी आल्या, आईला समजावलं. मुलीत गुण आहेत म्हणाल्या. आईला ते दिसत नव्हतं असं नाही हो. तीनशे विड्यांचं काय, हे मात्र मॅडमना विचारता आलं नाही आणि आईला सांगता आलं नाही.

म्हणून जुळे सोलापूर यांना मी म्हणेन की यानिस सांगायचा की सतनाम, हा पुढचा प्रश्न झाला. सर, तो मुलगा दुपारी काय करतो ते आधी विचारा. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जातो का? किती मिळतात? ते त्या माणसाला विचारलंत की त्याच्या "पुढं काय होतंय" या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला कळेल.

---

कडक_भाकरी | 10 मे, रात्री 10:02

ताई, डोळ्यात पाणी आलं ओ.

---

सकाळचं_कोर्ट | 10 मे, रात्री 11:30

ताई, अकरा वर्षांत मी एकाही मुलाला हा प्रश्न विचारला नाही. उद्या विचारतो.

जुळे सोलापूर, राग कसला? तुम्ही सतनामची आठवण काढलीत ते बरं झालं, कारण मी दोघांना शेजारी ठेवून आज दिवसभर विचार केला. दोघंही घरापासून लांब गेले, दोघंही उंच. फरक कुठे पडला?

मला वाटतं, मैदानावर मिळालेल्या मिनिटांत. यानिस पंधरावा आला तो एका हरणाऱ्या संघात. 15 विजय, 67 पराभव. अशा संघाला गमावण्यासारखं काही नसतं. पहिल्याच वर्षी त्याला सरासरी 24-25 मिनिटं मैदानावर मिळाली. चेंडू हातून निसटायचा, अंगाने काटकुळा होता, मोठी माणसं ढकलून द्यायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवायचे. 2014 मध्ये जेसन किड प्रशिक्षक म्हणून आला. त्याने या जवळजवळ सात फुटी पोराच्या हातात चेंडू देऊन बघितला, म्हणजे एरवी संघातला सगळ्यात बुटका खेळाडू जे काम करतो ते. लगेच जमलं नाही. खऱ्या अर्थाने ते 2016 च्या फेब्रुवारीनंतर जमायला लागलं. दीड-दोन वर्षं त्याच्या चुका सोसल्या गेल्या. सतनामला ते मिळालं नाही. त्याला मिनिटंच मिळाली नाहीत, मग चुका करायच्या कुठे?

आणखी एक प्रसंग आहे. नोव्हेंबर 2013, मिलवॉकीची थंडी. सामन्याच्या दिवशी यानिस पैसे पाठवायच्या केंद्रात गेला आणि खिशातलं सगळं घरी अथेन्सला पाठवून मोकळा झाला. बाहेर आल्यावर टॅक्सीला पैसे उरले नव्हते. अंगावर पातळ जाकीट. तो स्टेडियमकडे पळत सुटला. एका जोडप्याने ओळखून गाडीत घेतलं. त्या वर्षी त्याचा पगार 18 लाख डॉलरच्या आसपास होता, तेव्हाच्या भावाने दहा कोटी रुपयांच्या पुढे! लोक हा प्रसंग हसत हसत सांगतात. मला त्यात दिसतो तो अठरा वर्षांचा मुलगा, ज्याच्या डोक्यातून घरची चूल क्षणभरही जात नाही. आई-वडिलांना व्हिसा मिळत नव्हता. ते फेब्रुवारी 2014 मध्ये तिथे पोचले, म्हणजे निम्म्याहून जास्त हंगाम तो एकटा होता. संघातल्या व्हिडिओ विभागातल्या एका तरुण सहायकाने त्याला गाडी चालवायला शिकवली, खाऊ-पिऊ घातलं. त्या सहायकाच्या नावाने कुठे सरासरी लिहिलेली नाही.

त्याचा मोठा भाऊ थनासिस 2014 मध्ये 51 व्या क्रमांकावर निवडला गेला. दोघांनी एकाच बुटात खेळायला सुरुवात केलेली. तो यानिस झाला नाही, पण 2021 च्या विजेत्या संघात दोघं बरोबर होते. कोस्टास त्याच्या आदल्या वर्षी लॉस एंजेलिसच्या विजेत्या संघात. वडील चार्ल्स यांनी मात्र ही विजेतेपदं पाहिली नाहीत. ते सप्टेंबर 2017 मध्येच गेले.

---

गुडघे_सांभाळा | 11 मे, सकाळी 10:15

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरातच. थोडं माझ्या विषयातलं सांगते.

सहा फूट एक इंच आणि वय चौदा-पंधरा असेल, तर "एनबीएच्या हिशेबात बुटका" हे आत्ताच म्हणू नका. यानिस निवडीच्या वेळी सहा फूट नऊ इंच होता आणि त्यानंतरही दोनेक इंच वाढला. हाडांच्या टोकाशी वाढीची चकती असते, ती कुणाची लवकर मिटते, कुणाची उशिरा. मुलगा उंच होईलच असं मी म्हणत नाही. पण चौदाव्या वर्षी मोजपट्टी लावून निकाल देणं चूक आहे.

माझी खरी काळजी तुमचं सिमेंटचं कोर्ट आहे, सर. झपाट्याने वाढणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखतं. हाड भरभर वाढतं, मांडीचा स्नायू तेवढा ताणत नाही, आणि प्रत्येक उडीला तो त्या उंचवट्यावर ओढ देतो. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. मुलं सांगत नाहीत, कारण सांगितलं की खेळ बंद होईल ही भीती. उंचवट्यावर अंगठा दाबून बघा, मुलगा दचकला तर उड्या कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांचं वाढ थांबली की थांबतं, पण तोवर दामटून खेळवू नका. आठवड्यात दोन दिवस उड्यांना पूर्ण सुटी द्या. त्या दिवशी पास, फ्री थ्रो, डाव्या हाताचं ड्रिबल, म्हणजे टप्पे देत चेंडू नेणं. आणि उडी मारायला शिकवता तसं उतरायलाही शिकवा. गुडघे वाकवून, आवाज न करता. सिमेंटवर धप्पकन आवाज आला तर उतरणं चुकलं समजायचं.

बूट बघा. तळ झिजून गुळगुळीत झाले असतील तर सरावच थांबवा. यानिसने भावाचे बूट घातले हे वाचायला हृद्य आहे, पण पायाच्या मापाचे नसलेले बूट मी कुणालाही सुचवणार नाही.

---

सकाळचं_कोर्ट | 11 मे, रात्री 9:20

आज सकाळी अंगठा दाबून बघितला. मुलगा दचकला. डाव्या पायाला. "किती दिवस झाले?" म्हटलं तर म्हणाला, "दिवाळीपासून."

दिवाळीपासून, आणि मी रोज त्याला रिंगखाली उड्या मारायला लावतो आहे. मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. उद्यापासून उड्या बंद. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

---

जुळे_सोलापूर_ते_हिंजवडी | 11 मे, रात्री 10:40

विडी घरकुल ताई, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. माझे वडील सरकारी नोकरीत होते. मी खेळलो तेव्हा माझ्या दोन तासांचा भाव घरात कुणी मोजला नव्हता, हे काल पहिल्यांदा लक्षात आलं. सोडलं तेही माझ्या मर्जीने सोडलं.

सर, माझं मत अजून तेच आहे की एनबीएचं स्वप्न त्या घरात नेऊ नका. पण एनबीए आणि काहीच नाही यांच्या मध्ये बरंच काही असतं, हे मी माझ्या आधीच्या प्रतिसादात विसरलो. रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांचे बास्केटबॉल संघ आहेत, आणि खेळाच्या कोट्यातून तिथे नोकऱ्या मिळतात. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिली आहे. ती काही फ्लोरिडाला वाढली नाही, आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवर वाढली. वडिलांना हे सांगा. मागावरच्या माणसाला नोकरी हा शब्द कळतो आणि तो खोटाही नाही.

मुलाच्या पायाचं माप पाठवा. बूट मी देतो. डॉक्टर हो म्हणाले की लगेच.

---

नवी_पेठ_कट्टा | 12 मे, सकाळी 7:30

माझं कापडाचं दुकान आहे. मुलाच्या येण्याजाण्याचं आणि सकाळच्या दूध-अंड्यांचं माझ्याकडे लागलं. नाव कुठे नको. सर, व्यक्तिगत निरोप केला आहे, बघा.

---

विडी_घरकुल | 12 मे, रात्री 8:55

सर, विचारलंत का?

---

सकाळचं_कोर्ट | 13 मे, रात्री 10:50

विचारलं, ताई. उशिरा लिहितोय कारण आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो. बाहेर पत्र्याची पडवी, आत एक खोली. आई विड्या वळत होत्या, हात थांबला नाही, बोलणंही थांबलं नाही. मुलगा दुपारी दोन ते सहा कांड्या भरायला जातो. सकाळी माझ्याकडे, दुपारी तिकडे, आणि जूनपासून दहावी. मी ज्याला आळस समजून ओरडत होतो तो थकवा होता.

मी यानिस सांगितला, या वेळी सगळा. साडेनऊ गुणांचा यानिस, हॉलमध्ये चटईवर झोपणारा, कागद नसलेला. सतनामही सांगितला, कुस्तीपर्यंत. वडील शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "त्या पोराच्या बापाला काम मिळालं का मग?" मी म्हटलं, हो, त्या प्रशिक्षकाने त्यासाठीच धडपड केली. ते बायकोकडे बघून तेलुगूत काही तरी बोलले. ती पहिल्यांदा हात थांबवून हसली. काय बोलले ते मी विचारलं नाही.

ठरलं ते असं. कांड्या बंद. तेवढी रक्कम दर महिन्याला आम्ही चौघं मिळून देणार आहोत. वडिलांना फुकट नको होतं, तेव्हा त्याच्या बदल्यात मुलगा संध्याकाळी एक तास लहान मुलांच्या गटाला ड्रिबल शिकवेल. शिकवायला गुडघा लागत नाही. दहावीचे जादा तास लागणार, सराव आठवड्यातून चार दिवस. दहावीनंतर पुन्हा बसून बोलायचं, तोवर एनबीए हा शब्द कुणी काढायचा नाही. ही अट वडिलांची, आणि मला ती मान्य आहे.

निघताना मुलगा गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. मला म्हणाला, "सर, त्याचा भाऊ पण त्याच टीममध्ये होता म्हणालाव ना? माझा भाऊ सहावीत हाय. त्याला आणू का उद्या?"

बुटाचं माप नऊ. धाकट्याचं उद्या कळवतो.